सेव्हन, एक्सपी आणि विनीत मंडळी

आमच्या सडक अर्जुनीच्या घराची छपरी रस्त्याकडे उघडी आहे. नागपूर-रायपूरचे ट्रक इतक्या जवळून जातात की एखाद्यानं जोरात हॉर्न वाजवला की आई आतून "आली, आली" म्हणते. याच छपरीच्या एका टोकाला हिरवा पडदा लावून माझ्या बायकोनं लग्नपत्रिका टाइप करून देण्याचं काम मांडलं होतं. लोक चुरगळलेल्या कागदावर नावं लिहून आणत. ती कॉम्प्युटरवर पत्रिका तयार करी, प्रिंट काढून दाखवी, आणि दुरुस्त्या झाल्या की काम गोंदियाला प्रेसवर छापायला जाई.

मी शाळेत गणित शिकवायचो. घरच्या या धंद्यात माझ्याकडे दोन खाती होती. आलेल्यांना चहा देणं, आणि कोणी न विचारता सल्ला देणं. दुसरं खातं मी जास्त मन लावून सांभाळलं.

बायको लग्नाआधी गोंदियाच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी मशीनवर मराठी टायपिंग शिकली होती. पुढे घरात कॉम्प्युटर आला तेव्हा तिला असा एक फॉन्ट मिळाला, ज्याची अक्षरं कीबोर्डवर त्या लोखंडी मशीनसारखीच मांडलेली होती. मग काय! गिऱ्हाइकाशी बोलत, आतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजत, एकदाही बोटांकडे न बघता ती पत्रिका उतरवायची. पडद्याआडून येणारा तडतडाट ऐकून लोक म्हणायचे, "बाई फुटाणे भाजून राहिल्या." नवरदेवाच्या तीस-चाळीस नातेवाइकांची यादी तिच्या कपातला चहा निवायच्या आत पूर्ण होई. मी बसलो की कोंबडीसारखा. एक दाणा टिपायचा, मान वर करून इकडं तिकडं पाहायचं, मग दुसरा.

हे सगळं कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टिमवर, एक्सपीवर चालायचं. एक्सपी म्हातारी झाली होती, पण आमच्या घरात म्हातारपण हा काही दोष मानला जात नाही. आणि मग सेव्हन आली.

आणली माझ्या साळ्यानं, बायकोच्या धाकट्या भावानं. तो गोंदियाला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. सीडी खिशातून काढून त्यानं अशी दाखवली, जसा एखाद्या उपवर मुलीचा फोटो दाखवावा. "जिजाजी, एकदम मक्खन चलता है. खिडक्या काचेच्या. मागचं आरपार दिसते."

आरपार दिसणाऱ्या खिडक्यांची मला काय गरज होती, ते आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून मला आमच्या एक्सपीच्या निळ्या पट्ट्या बघवेनात.

मी विषय छपरीतच काढला, साळा आलेला आणि चार लोक बसलेले पाहून. वाटलं, लोकांसमोर बायको नाही म्हणणार नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, तरी मला असं वाटलं.

"चालू व्हायला साडेचार मिनिटं लागतात हिला. मी घड्याळ लावून मोजलं," मी म्हणालो.

"तेवढ्यात माझी कणीक मळून होते," बायको म्हणाली. "तुमची नवी एका मिनिटात चालू झाली त मी कणीक कवा मळू?"

आई आतून आली. तिला दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते खेळायची सवय होती. "का रे बाबू, नव्यामंधी पत्ते रायतील का?"

"रायतील ना मावशी," साळा म्हणाला. "जुन्यापेक्षा चिकने पत्ते आहेत."

"चिकने कायले पायजे? जुन्यातला गुलाम मले ओळखते."

आमच्या नववीतल्या मुलीचं मत नव्याच्या बाजूनं होतं, पण तिची गाणी जशीच्या तशी राहिली तरच. पत्रिकेच्या प्रिंटची वाट पाहत बसलेल्या एका गृहस्थानं विचारलं, "बाई, नव्यामंधी केली त पत्रिका जास्त चमकते का?" शेजारचे निवृत्त तलाठी रोज पेपर वाचायला आमच्याकडे येत. त्यांनी घडी करून पेपर बाजूला ठेवला. म्हणाले, "सर, आमच्या खात्यात जुनं नाव कधी खोडत नाही. कंसात टाकतात. खोडलं की भानगड."

"तलाठीसाहेब, कॉम्प्युटरमध्ये कंस नसतात," मी त्यांना समजावलं. मी एम.एस्सी. आहे.

माझ्याकडे एक खरा मुद्दाही होता. मागच्या हंगामात बायकोनं पुण्याच्या भाच्याला एका पत्रिकेचा मजकूर ई-मेलनं पाठवला, तर त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तो फॉन्ट नव्हता, म्हणून त्याला नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे ढीग दिसले. त्यानं फोन करून विचारलं, "मामी, कीबोर्डवरून मांजर चाललं का?" सेव्हनमध्ये मराठी कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशी टाइप करण्याची सोय सहज होती. फक्त तिची अक्षरं कीबोर्डवर निराळ्या जागी होती.

"म्हणजे मी पुन्हा क शोधायचा, ख शोधायचा," बायको म्हणाली. "पुण्याच्या एका पोराले वाचता नाही आलं म्हणून साऱ्या तालुक्याले थांबवू का मी?"

लोक गेल्यावर ती कीबोर्ड पुसता पुसता हळू आवाजात बोलली. "तुमाले साऱ्या गावात सर म्हणतात. मले या घरी अमक्याची सून, तमक्याची बायको, इतकंच होतं. या पडद्यामागं बसल्यावर पहिल्यांदा कोणी म्याडम म्हणलं. ते या हातामुळं. हात गेला त मी पुन्हा पहिलीत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं काय जी, तुमी त अजून पहिलीतच आहा."

मी हसलो. तिचं म्हणणं ऐकलंही. पण ऐकणं आणि कानावर पडणं यातला फरक मी शाळेत पोरांना सांगतो, घरी विसरतो.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. बाजार लागतो, रात्री दंडार म्हणजे गावकऱ्यांचं नाटक असते, आणि सासरी गेलेल्या लेकी झाडून साऱ्या माहेरी येतात. बायकोचं माहेर तिकडे तिरोड्याकडे, बोदलकसाच्या तलावाजवळ. ती मुलीला घेऊन चार दिवसांसाठी निघाली. जावई म्हणून मलाही बोलावणं होतं, पण मी सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत म्हणालो. पेपर तपासून केव्हाच झाले होते.

बसमध्ये चढता चढता ती म्हणाली, "सौंदडचे काका येतील पुतण्याच्या पत्रिकेसाठी. त्यांचा कागद घेऊन ठेवा फक्त. मशीनले हात लावू नका."

"मी कशाला लावू?" मी म्हणालो.

मंडई आटपून दुसऱ्या दिवशी सकाळी साळा पहिल्या गाडीनं हजर. हे आमचं आधीच ठरलेलं. बायकोला परत आल्यावर एकदम चकित करायचं, असा माझा बेत. चप्पल काढता काढता त्यानं विचारलं, "जिजाजी, ताईले विचारलं ना?"

"या घरात कर्ता कोण आहे?" मी म्हणालो.

साळ्यानं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं.

"जुनं पार पुसून टाक," मी हुकूम सोडला. "अर्धवट काम नको."

"हो जी," तो म्हणाला. ज्या आवाजात माझे विद्यार्थी गृहपाठाबद्दल "हो सर" म्हणतात, तोच तो आवाज होता. पण सुटीत मला विद्यार्थी आठवत नाहीत.

दुपारपर्यंत सेव्हन आली. साळा जेवून गोंदियाला परत गेला. मी अर्धा तास नुसत्या खिडक्या उघडल्या आणि बंद केल्या. मागचं खरंच आरपार दिसत होतं. आईला बोलावून दाखवलं. तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला आणि म्हणाली, "मंग समोरचं कसं वाचायचं?"

मग मी बायकोच्या पेनड्राइव्हवरची एक पत्रिका उघडू पाहिली. फॉन्ट नाही. काही हरकत नाही, त्याची सीडी होती. टेबलाच्या खणात शोधली, कपाटात शोधली. शेवटी आईला विचारलं.

"ती चकचकीत थाळी? ती काय," आईनं अंगणाकडे बोट केलं. खाटेवर मुंगाच्या वड्या वाळत होत्या आणि वर दोरीला टांगलेली सीडी उन्हात गरगर फिरत होती. "एक चिमणी येत नाही बाप्पा. लय कामाची आहे."

किती दिवस टांगलेली होती देव जाणे. धुवून, पुसून, बनियनला घासून मशीनमध्ये घातली. मशीन दोनदा गुरगुरलं आणि तिला बाहेर ढकलून मोकळं झालं. मी ती मुकाट्यानं पुन्हा वड्यांवर टांगली.

त्याच संध्याकाळी सौंदडचे काका आले. नवरदेवाचे वडील वारलेले, त्यामुळे लग्न दोन काकांच्या अंगावर. आणि या दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद, तेही एका पत्रिकेवरूनच. आमच्याकडे पत्रिकेतल्या मुहूर्ताची चूक लोक माफ करतील. पण खाली 'आपले विनीत' म्हणून जी नावं येतात, त्यात कोणाच्या वर कोण, यावर घरं फुटतात. या दोन भावांत वयानं जो मोठा, तो लहानपणीच नात्यातल्या घरी दत्तक गेलेला. धाकटा घरीच राहून घरचा कर्ता झालेला. मागे पुतणीच्या पत्रिकेत धाकट्याचं नाव वर आलं आणि मोठ्यानं तोंड फिरवलं. म्हणून या वेळी यादी दोन कागदांवर आली होती, ज्यानं त्यानं आपापली लिहिलेली.

कागद घेऊन आले होते मोठे काका. मला फक्त कागद ठेवून घ्यायचे होते. पण मागे नवी कोरी सेव्हन झळकत होती.

"तीन दिवसांनी या, प्रिंट तयार ठेवतो," मी म्हणालो.

"बाई नाहीत ना?"

"मी आहे की."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पण मी मास्तर पडलो. विश्वास ठेवावाच लागतो.

पुढचे दोन दिवस मी एकेका अक्षराच्या मागे फिरत होतो. एकेचाळीस नावं. आई येता-जाता विचारायची, "झाला का रे नवरदेव?" पहिल्या दिवशी नवरदेव झाला, दुसऱ्या दिवशी नवरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारी विनीत मंडळी एकदाची आत आली, आणि प्रश्न उभा राहिला, वर कोण? तेव्हा मला यादी क्रमानं लावायचं बटण दिसलं. जुन्या फॉन्टमध्ये ही सोय कधी धड चालली नव्हती. नव्या मराठीत चालत होती. एक टिचकी मारली आणि एकेचाळीस माणसं अ पासून ह पर्यंत शाळेच्या हजेरीसारखी रांगेत उभी राहिली. मला भरून आलं. वय नाही, दत्तक नाही, मान नाही. यापेक्षा न्याय तो कोणता? मी स्वतःच्या पाठीवर थाप मारता येते का ते बघितलं.

ठरल्या दिवशी सकाळी मोठे काका आले. चष्मा घरी विसरले होते. प्रिंट हातभर लांब धरून म्हणाले, "चमकते बाप्पा," आणि घेऊन गेले.

दुपारी बारा वाजता छपरीसमोर मोटारसायकल थांबली. गाडी धाकटे काका चालवत होते आणि मागे मोठे काका बसले होते, प्रिंट छातीशी धरून. तीन वर्षं न बोलणारे दोघं भाऊ एका गाडीवर!

"सर," मोठे काका उतरायच्या आतच सुरू झाले, "हा अकरा महिन्याचा पोट्टा पयल्या नंबरावर काऊन आहे?"

"त्याचं नाव अ वरून येतं."

"आन मी?"

"तुमचं श वरून…"

"अडतिसावा! घरचा मोठा माणूस मी, आन अडतिसावा!"

"तू तरी बरा," धाकटे काका गाडी स्टँडवर लावत म्हणाले. "मी एकेचाळिसावा. माझ्याखाली निस्तं प्रेसचं नाव आहे. आन आमची माय कुठी आहे सर, सत्तर वर्षांची? दोन जावयांच्या मंधात दाबून टाकली तुमी."

मी वर्णमालेची बाजू मांडायचा प्रयत्न केला. दोघंही एका सुरात म्हणाले, "आमाले वर्णमाला नका शिकवू." भावाभावांचं इतकं एकमत मी क्वचित पाहिलंय. नेमकी तेव्हाच तिरोड्याकडून येणारी गाडी चौकात थांबली आणि एका हातात तलावाच्या मासोळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मंडईतल्या जिलबीचा पुडा घेऊन बायको छपरीत आली. मागे मुलगी.

बायकोनं पिशवी आईच्या हाती दिली, प्रिंट घेतली, वरून खाली वाचली. मग पडदा सारून मशीनकडे पाहिलं.

"कोणी केलं हे?"

"मले काही माहीत नाही, मी पत्ते खेळत होती," आई मासोळ्या घेऊन आत पळाली.

बायकोनं पदर खोचला. ती खुर्चीवर बसली आणि सवयीनं दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून एक ओळ हाणली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटलं ते पुण्याच्या भाच्याला दिसलं होतं तसलं काहीतरी. तिनं परत एकदा हाणली. तेच. मग तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. बस, एवढंच केलं तिनं. सोळा वर्षांत ती माझ्यावर पुष्कळदा रागावली होती आणि प्रत्येक वेळी मला काहीतरी उत्तर सुचलं होतं. त्या वेळी मी जिलबीच्या पुड्याची दोरी सोडायला लागलो.

तिनं भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून बाजूला ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

"तू होता ना इथं?"

पलीकडे आधी दुकानाचं दार लावल्याचा आवाज. मग साळ्याचा आवाज. "ताई, जिजाजी जवळ आहेत का?"

"आहेत. ऐकून राहिले."

"मशीन बंद करून चालू कर. सुरुवातीले काळा पडदा येते, तीन सेकंद रायते. त्याच्यात दोन नावं आहेत. बाण दाबून दुसऱ्या नावावर ये."

तिनं केलं. तो काळा पडदा मी तीन दिवसांत पंचवीस वेळा पाहिला होता. मला वाटायचं, तो सेव्हनचा थाट आहे, नमस्कार-चमत्कार करत असेल. तिनं बाण दाबला. पडद्यावर आमची एक्सपी आली. निळ्या पट्ट्या, दुधाचे दात पडलेल्या आमच्या मुलीचा फोटो, आणि डाव्या बाजूला सगळ्या पत्रिका जिथल्या तिथं.

"मी नवं दुसऱ्या खोलीत टाकलं, जुन्याले हात नाही लावला," साळा फोनवर सांगत होता. "जिजाजीनं पुसायले सांगतलं होतं ताई, हे खरं आहे. पण राखीले मले तुझ्याच घरी यायचं आहे ना."

बायकोनं एक ओळ हाणली. आमंत्रणाची पहिली ओळ स्वच्छ मराठीत उमटली. ती हसली. मोठे काका उठून पडद्याजवळ आले आणि म्हणाले, "म्याडम, येऊ द्या आता फुटाणे." मी माझ्या मूळ खात्याचा चहा ठेवायला आत गेलो.

चहा घेऊन आलो तोवर वरची सगळी पत्रिका झाली होती. फक्त विनीत मंडळी उरली होती.

"बोला, कोणाचं नाव वर?" बायकोनं विचारलं.

"याचं टाका," मोठे काका म्हणाले. "अडतिसाव्यापेक्षा दुसरा नंबर बरा."

"नाही नाही. मोठा तो आहे, त्याचं टाका," धाकटे म्हणाले.

"तू घरचा कर्ता ना?"

"कर्ता असलो म्हणून का तुझ्या डोक्यावर बसू?"

आता दोघं एकमेकांना वर ढकलायला लागले, आणि आवाज पुन्हा चढायला लागले. मानापेक्षा नम्रतेचं भांडण जास्त लांबतं, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी धाकट्या काकांनी माझी प्रिंट उचलली, जरा वेळ पाहिली आणि हसायलाच लागले. "अरे, हेच राहू द्या ना. मायचं नाव साऱ्यायच्या वर घ्या, खाली मशीननं लावलं तसं. मी एकेचाळिसावा त एकेचाळिसावा. माणसानं लावलं असतं त भांडलो असतो. मशीनसंगं का भांडतो?"

मोठे काका म्हणाले, "चालते. पण मंग सांगायले एक पायजे, हे कोणी लावलं म्हणून."

"सरनं," दोघंही म्हणाले.

बायकोनं माझी प्रिंट डाव्या हाताला टेकवून ठेवली आणि नव्याचा क्रम जुन्यावर उतरवायला घेतला. सर्वांत वर माय, मग अकरा महिन्याचा पोट्टा, आणि तिथून ह पर्यंत. चहा निवायच्या आत झालं. दोघं भाऊ जिलबी खाऊन एका गाडीवर सौंदडला गेले. या वेळी मोठे चालवत होते.

ती पत्रिका सौंदडच्या बाजूला खूप गाजली. सुरुवातीला हसण्यावारी, नंतर खरोखरच. तुळशीचं लग्न झालं आणि हंगाम लागला, तसे लोक येऊन विचारायला लागले, "म्याडम, तो मशीनचा क्रम लावून मिळते का?" बायकोनं साळ्याकडून ते तीन सेकंद वाढवून तीस करून घेतले, आणि कोणी काही दाबलं नाही तर मशीन आपणहून एक्सपीच उघडेल असंही करून घेतलं. पत्रिका एक्सपीवर. सेव्हन ठेवली ती फक्त भांडणाऱ्या घरांसाठी. दूरवरून तावातावानं येणारे काका-मामा दिसले की ती खुर्ची सोडून हाक मारायची, "उठा जी, भांडणवाले आले. तुमची सेव्हन लावा."

मी बसायचो. काळा पडदा, खालचा बाण, काचेच्या खिडक्या, आणि मग एकेक नाव टिपायचो. क्रम लावायला मशीनला एक टिचकी लागायची, पण त्याआधी नावं आत घालायला मला दीड-दोन तास लागायचे. तितका वेळ त्या घरची माणसं छपरीत समोरासमोर अडकून पडत. चहा होई, आई वड्या तळून देई, तलाठीसाहेब जमिनीच्या गोष्टी काढत, कोणाला तरी कोणाच्या लहानपणची फजिती आठवे. आणि मी एखादा म किंवा य शोधत असतानाच पुष्कळदा पडद्याबाहेरून आवाज यायचा, "सर, राहू द्या. आमचं जमलं."

मग मी उठायचो, आणि मागून फुटाणे सुरू व्हायचे.